टार्गेट भरलं का हो?

ऐकलंत का? आमच्या भिलाईत, सेक्टरातल्या एका मराठी घरात म्हणे सुनेनं सासूबाईंना केआरए दिले. हो हो, केआरए, ऑफिसात वर्षाच्या कामाचे मुद्दे वजनासकट लावून देतात ते! नातवाला रोज दहा मिनिटं मराठी वाचून दाखवणं, वजन तीस टक्के. देवपूजा सकाळी साडेसातच्या आत आटोपणं, वीस टक्के. सुनेच्या माहेराबद्दल अवाक्षर न काढणं, पन्नास टक्के. आता हे खरं, की हळदीकुंकवात कुणीतरी तिखटमीठ लावून सोडलेलं, देव जाणे. पण सिव्हिक सेंटरच्या चहाच्या टपरीवर ही बातमी पोचली तेव्हा एकाही माणसानं 'छे, असं कसं होईल?' असं विचारलं नाही, यातच काय ते आलं. सासूबाईंनी, ऐकीव माहितीप्रमाणे, तिसऱ्या मुद्द्याचं वजन पन्नासवरून दहावर आणून मागितलंय. बाई शिकलेली आहे.

हे खूळ ऑफिसातल्या ऑफिसात राहिलं असतं तर कोण कशाला नाकं मुरडतंय? पण त्याला घरदार, सोयरसुतक काही उरलेलं नाही. एका खासगी बँकेतला पोरगा तेराव्याला आला, फोटोला फूल वाहिलं, पानावर बसला, आणि निघताना चपला सरकवता सरकवता काकूंना हळूच म्हणाला, "काकांची एफडी मोडणार असाल तर आमच्याकडे एक चांगली विमा योजना आहे." महिनाअखेर होती हो! त्या लेकराला तरी काय बोल लावायचा? एका कोचिंग क्लासच्या मास्तरांना शिकवण्यापेक्षा प्रवेश आणण्याचं टार्गेट मोठं. एका गणेश मंडळानं यंदा वर्गणीसाठी गल्लीनिहाय उद्दिष्टं लावली, तर दोन गल्ल्यांमधल्या एकाच घराची पावती दोघांनी फाडली. आणि सकाळी फिरायला जाणारे ते निवृत्त काका? दहा हजार पावलं भरली नाहीत की मनगटावरचं घड्याळ नातवाच्या हातात बांधतात आणि त्याला क्रिकेट खेळायला पिटाळतात. बरं, हा दहा हजाराचा आकडा कुण्या धन्वंतरीनं सांगितलाय म्हणाल, तर तेही नाही. १९६५ साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, दहा हजार हा आकडा त्याच्या नावातच घातला, आणि तेव्हापासून जाहिरात हीच वैद्यकी होऊन बसली.

काय म्हणावं याला? पण भिलाईकरांनी जास्त कानांवर हात ठेवू नयेत. आपल्या गावाचा जन्मच टार्गेटच्या मुहूर्तावर झालेला. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघ यांचा करार झाला, तो दहा लाख टन पोलादाच्या कारखान्याचा. चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ ला, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. मग दहाचे पंचवीस लाख झाले, पंचवीसचे चाळीस झाले. नागपूरकडून हावडा लाइन धरून आलेली आमच्या आजोबांची पिढी इथं क्वार्टरात राहिली, इथंच संसार केले, आणि त्यांच्या घरात सकाळच्या पहिल्या चहाबरोबर विचारला जाणारा प्रश्न "झोप लागली का?" हा नव्हता. "कल कितना निकला?" हा होता. सर्वोत्तम एकात्मिक पोलाद कारखान्याची प्रधानमंत्री ट्रॉफी भिलाईनं अकरा वेळा आणली, ती काही आकडे न मोजता नव्हे.

आणि ज्यांच्याकडून हा कारखाना आला, त्या रशियनांच्या घरची गोष्ट तर आणखी खमंग आहे. ३० ऑगस्ट १९३५ ची रात्र. दोनबासच्या खाणीत अलेक्सेई स्ताखानोव नावाच्या गड्यानं एका पाळीत १०२ टन कोळसा काढला. नेम होता सात टनांचा! चौदापट! देशभर डंका पिटला, पुढं अमेरिकेच्या 'टाइम'नं त्याला मुखपृष्ठावर बसवलं, आणि लाखो कामगारांना सांगण्यात आलं की बघा, आता तुम्ही. मागची कुजबुज मात्र अशी की गडी तासत होता तेव्हा छताला लाकडी टेकू लावायला दोन साथीदार सोबत होते. एरवी हे काम ज्याचं त्यानंच करायचं असे. म्हणजे तीन माणसांची पाळी एकाच्या खात्यावर! हे ऐकून आपल्याकडच्या कुणा साहेबाची आठवण झाली असेल तर ती मनातच ठेवा.

त्याच देशातल्या 'क्रोकोदिल' या विनोदी नियतकालिकातलं एक व्यंगचित्र पुढं जगभर फिरलं. खिळ्यांच्या कारखान्याला महिन्याचा कोटा टनांत दिलेला. कारखान्यानं काय करावं? इमारतीएवढा एकच खिळा घडवला. तो कुणाच्या कामाचा, हा प्रश्नच नाही. कोटा भरला!

पण सगळा दोष मॉस्कोच्या माथी मारू नका. अमेरिकेतल्या पंडितांनीही बऱ्याच काड्या टाकल्या आहेत. १९५४ साली पीटर ड्रकर यांनी उद्दिष्टं ठरवून कारभार करण्याची कल्पना मांडली. त्या कल्पनेला जोडून त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती, ती म्हणजे स्वनियंत्रण. माणसाला उद्दिष्ट द्या, त्याच्या कामाची माहिती त्याच्याच हातात द्या, आणि लगामही त्याच्याकडेच राहू द्या. जगभरच्या साहेबांनी पहिला अर्धा भाग तेवढा चट्टामट्टा केला, दुसरा पानात टाकून उठले. १९८१ साली जॉर्ज डोरन यांनी 'स्मार्ट' उद्दिष्टांची पंचसूत्री काढली, आणि प्रत्येक उद्दिष्टात पाचही गुण असलेच पाहिजेत असं नाही, हेही बजावलं. तेही गेलं वाऱ्यावर. आपल्याकडे अर्जुन सेनगुप्ता समितीच्या सांगण्यावरून १९८६ पासून सरकार आणि सरकारी कंपन्या दरवर्षी सामंजस्य करार करू लागल्या. मंत्रालय कंपनीला आकडा देतं, कंपनी कारखान्याला, कारखाना खात्याला, खातं सेक्शनला, सेक्शन माणसाला. आणि माणूस घरी जाऊन कुणाला देणार? वर उल्लेख आलाच आहे.

आता कुणी म्हणेल, मग टार्गेट हे सगळं थोतांडच? अहो, तसं असतं तर चर्चेला रंगच चढला नसता! गंमत अशी की ते चालतं. चांगलं चालतं. एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञानं १९६८ सालीच लिहून ठेवलं, आणि नंतर गॅरी लॅथम यांच्या जोडीनं प्रयोगांच्या राशी रचून दाखवलं, की "जमेल तेवढं कर" असं सांगितलेल्या माणसापेक्षा नेमका आणि अवघड आकडा दिलेला माणूस जास्त काम करतो. म्हणजे बघा! आपल्या आया जन्मभर पाठीवरून हात फिरवत "जमेल तेवढं कर हो बाळा" म्हणत आल्या, आणि शास्त्रानं त्यांनाच नापास केलं.

यातला सगळ्यात चविष्ट किस्सा ओक्लाहोमाच्या लाकूडवाल्या ट्रक-ड्रायव्हरांचा. लॅथम आणि बॉल्डिस यांनी तो १९७५ साली छापला. ड्रायव्हर जंगलातून ओंडके भरून आणायचे. कायद्यानं जितकं वजन चालतं त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच गाडी भरायची आणि निघायचं. मालकांनी किती वेळा सांगितलं असेल, भरून आणा रे बाबांनो! मग एक दिवस सांगण्याची रीत बदलली. आकडा दिला, ९४ टक्के. सोबत शब्दही दिला, की भरलं नाही म्हणून कुणाला शिक्षा नाही, आणि भरलं म्हणून जादा पैसाही नाही. पहिल्या महिन्यात गाड्या ऐंशी टक्क्यांवर गेल्या. दुसऱ्या महिन्यात घसरून सत्तरवर आल्या. हा दुसरा महिना नीट बघा, सगळी मेख तिथंच आहे. ड्रायव्हर साहेबांची परीक्षा घेत होते. खरंच शिक्षा करत नाहीत का, बघू तरी! साहेबांनी शब्द पाळला, कुणाला हटकलं नाही. तिसऱ्या महिन्यात गाड्या नव्वदच्या वर गेल्या आणि पुढं तिथंच टिकल्या. नऊ महिन्यांत कंपनीचे अडीच लाख डॉलर वाचले, नवा ट्रक न घेता.

आपल्याकडे दुसऱ्या महिन्यात काय झालं असतं, सांगू? सत्तरचा आकडा बघताच मेमो निघाला असता. आणि तिसऱ्या महिन्यात गाड्या कागदावर शंभर टक्के भरल्या असत्या!

म्हणजे पथ्यं आहेत. आकडा नेमका आणि मोजता येणारा हवा. ज्यानं तो भरायचा त्याला तो पटलेला हवा. आपण कुठं आहोत हे त्याला रोजच्या रोज दिसलं पाहिजे. काम त्याच्या आवाक्यातलं हवं. आणि काम गुंतागुंतीचं किंवा नवं असेल तर 'इतकं काढ' या आकड्याऐवजी 'हे शिकून घे' असं उद्दिष्ट द्यावं, हेही लॉक-लॅथम मंडळींनीच सांगितलेलं. ट्रकात ओंडके भरणं सोपं, वजनकाट्यावर उभं राहिलं की कळतं. पण भिलाईतलं काम सगळंच काही ओंडक्यांचं नाही.

रुळाचंच घ्या. आपल्या कारखान्यात एकसंध १३० मीटर लांबीचा रूळ निघतो, आणि असे दोन जोडून २६० मीटरचं पॅनल रेल्वेला जातं. बघायला गेलेल्या पाहुण्याची नजर लांबीवर आणि टनांवर. पण खरी गोष्ट पोटात दडलेली. पोलाद द्रवरूप असताना त्यात हायड्रोजन जास्त राहून गेला की थंड होताना आत केसासारख्या बारीक चिरा पडतात. बाहेरून रूळ चकचकीत, आणि आत घात. म्हणून रुळाचं पोलाद निर्वात पात्रात खेळवून त्यातला वायू ओढून काढायचा, हायड्रोजन दहा लाखांत १.६ भागांच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि मग तयार रूळ ध्वनिलहरींनी तपासायचा. आता समजा, एखाद्या अतिशहाण्यानं सगळ्यांचे गुण फक्त टनांवर लावले. तर निर्वातात घालवलेलं प्रत्येक मिनिट म्हणजे बुडालेलं टार्गेट! दोन मिनिटं कमी केली तर आकडा सुधारतो, पाठ थोपटली जाते, आणि तो रूळ तडकतो तेव्हा त्या अतिशहाण्याची बदली होऊन तीन वर्षं झालेली असतात. म्हणूनच शहाणी माणसं टनांच्या आकड्याशेजारी हायड्रोजनचा आकडा बसवतात आणि दोघांना एकमेकांवर नजर ठेवायला लावतात. सासू-सून एकाच घरात असल्या की घर सावध राहतं, तसं.

आता या कामाची गंमत वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मात उतरवून दाखवा. एका निवृत्त फोरमन काकांच्या पुतण्यानं, एमबीए झालेल्या, आपला फॉर्म त्यांना कौतुकानं दाखवला. अकरा मुद्दे, प्रत्येकाचं वजन, बेरीज शंभर. काकांनी चष्मा वर सरकवला, खालून वर वाचला, वरून खाली वाचला, आणि अस्सल वऱ्हाडीत म्हणाले, "काहून रे, ह्याच्यात काम कुठी लिहाचं?" पोरगा गप्प. कारण मशीन बंद पडायच्या आधी तिचा आवाज बदलतो, तो कान देऊन ओळखणं, रात्रपाळीच्या नव्या पोराला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगणं, याला किती टक्के लावणार? आणि टक्के नाहीत म्हटल्यावर ते करणार कोण?

बेरीज शंभर झाली की पुढचा तमाशा सुरू, माणसांना रांगेत लावायचा. नोव्हेंबर २००८ मध्ये केंद्राच्या सार्वजनिक उपक्रम विभागानं फर्मान काढलं, की अधिकाऱ्यांपैकी दहा ते पंधरा टक्क्यांहून जास्त उत्कृष्ट असता कामा नयेत, आणि दहा टक्के निकृष्ट असलेच पाहिजेत. त्या दहा टक्क्यांना कामगिरीचा जादा पैसा नाही. आता पाच जणांच्या खात्यात दहा टक्के म्हणजे अर्धा माणूस! कुणाचा अर्धा भाग निकृष्ट ठरवायचा, वरचा की खालचा? बरं, पाचही जण घासून काम करणारे असले तरी एकाचा बळी ठरलेला. कुजबुज अशी की देशभर कित्येक ऑफिसांनी यावर भिशीसारखी सोय काढली. यंदा तू निकृष्ट हो, पुढच्या वर्षी तो होईल! शेवटी ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनंच दहा टक्के निकृष्टांची ही सक्ती मागं घेतली. जवळपास नऊ वर्षं माणसं त्या साच्यात बसवून झाल्यावर.

बोनसची चर्चा तर दुर्गापूजेच्या आधी भिलाईत चुलीवर असतेच. आपला कारखाना ज्या कंपनीचा, त्या 'सेल'च्या कामगारांना २०२२ साली ४०,५०० रुपये मिळाले आणि २०२३ साली २३,०००. आता एका वर्षात कामगार निम्मा आळशी झाला का हो? भट्टी तीच, पाळी तीच, घाम तोच. कंपनीचा नफा मात्र बारा हजार कोटींवरून दोन हजार कोटींच्या खाली आलेला, त्यात परदेशातून येणाऱ्या कोकिंग कोळशाचे भडकलेले भाव. ऑस्ट्रेलियातल्या कोळशाचं टार्गेट सेक्टर सहाच्या माणसाच्या गळ्यात! नफ्यात वाटा देणं चांगलंच, पण त्याला 'तुझ्या कामगिरीचं फळ' म्हणू नये. माणूस हिशेब जाणतो. आपल्या हातात नसलेल्या आकड्यानं कुणाला हुरूप येत नाही. त्यानं येतो तो फक्त वैताग.

आणि आकड्याला पैसा आणि भीती दोन्ही बांधली की काय होतं, त्याचा जागतिक नमुना तेराव्याला आलेल्या त्या पोराच्याच धंद्यातला. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्यात बँकेच्या आठ योजना मारायच्या, असा हट्ट. आठच का? तर इंग्रजीत आठ या आकड्याचं 'महान'शी यमक जुळतं म्हणून! विनोद नाही, साहेबांनीच लिहिलेलं. यमक जुळवायच्या नादात कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता खाती उघडली, पहिल्या अंदाजानुसार सुमारे वीस लाख. २०१६ साली भांडं फुटलं, साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला, आणि ५,३०० माणसं कामावरून गेली. यमक जुळवणारे वरच्या मजल्यावर होते; गेलेली बहुतेक खालच्या.

एका जागी मात्र खमंगपणा बाजूला ठेवते. जून २०१४ ची वायुगळती आणि ऑक्टोबर २०१८ चा गॅस पाइपलाइनचा स्फोट भिलाई विसरलेली नाही. पोलादाच्या गावात 'शून्य अपघात' यापेक्षा मोठं उद्दिष्ट नाही. पण जगात कुठंही, अपघाताच्या आकड्याला बक्षीस लावलं की अपघात कमी होण्याआधी त्यांची नोंद कमी होते. बोट चेमटलं की रजिस्टरऐवजी खिशातला रुमाल बाहेर येतो. आज लपलेलं बोट उद्या हात मागतं. तिथं मोजायचंच असेल तर 'धोका दिसला' म्हणून किती जणांनी ओरडून सांगितलं, ते मोजावं. तो आकडा वाढला की पेढे वाटावेत.

हौस म्हणून सांगते, माणसाला हुरूप येतो तो कशानं, याचं उत्तर आपल्या गावात कधीचंच लटकलेलं आहे. आपल्याकडे 'पाली शिरोमणी' आणि 'कर्म शिरोमणी' असे पुरस्कार देतात. त्या प्रमाणपत्राची फ्रेम कित्येक क्वार्टरांत देवघराशेजारी असते. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी तिच्याकडे बोट जातं. कुणी कधी आपला टक्क्यांचा फॉर्म फ्रेम करून लावलेला पाहिलाय? आपल्या पाळीतल्या, आपल्याबरोबर धग सोसलेल्या माणसांनी 'यानं केलं' म्हणावं, यात जे आहे ते वजनांच्या बेरजेत नाही.

तर काय करावं? टार्गेट टाकून देऊ नये. ते नसेल तर आपण सगळे साठ टक्के ओंडके भरून घरी येणारे. पण एप्रिलचा फॉर्म हातात आला की अकरा मुद्दे बघून भुलू नका. तीनच लिहा. एक सर्वस्वी तुमच्या हातातला. एक अवघड, पण तुम्हाला स्वतःला पटलेला. आणि एक यंदा नवं शिकायचा. साहेबांनी चौथा घातला तर नम्रपणे विचारा, "सर, हा भरला नाही तर कारखान्यात नेमकं काय अडेल?" उत्तर मिळालं तर मुकाट्यानं सही करा आणि जीव लावून भरा. नाहीच मिळालं, तर तो मुद्दा साहेबांच्या स्वतःच्या फॉर्मात जायला हवा होता, एवढं समजून घ्या, आणि बाहेर येऊन आम्हाला सांगा. आम्ही कुणाला बोलणार नाही.